आधी कागदावर

काचेच्या दाराशी देवमनने सवयीने चपला काढल्या आणि आतली मुलगी हसली. “राहू द्या काका, इथं चालते चपला,” ती म्हणाली. तेवढ्यावर भागलं असतं. चपलांवरून हसं होणं ही काही काळजाला लावून घेण्यासारखी गोष्ट नाही. त्याने मुकाट्याने पाय पुन्हा चपलांत सरकवले आणि तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. घामाने भिजलेल्या पाठीला एसीची थंडी चिकटली. मार्च नुकता लागला होता, तरी बाहेर अमरावती तापायला लागली होती, आणि इथे आत नव्या प्लास्टिकचा नि नव्या गालिच्याचा वास कोंडून राहिला होता. मुलीने फॉर्म उलटा फिरवून त्याच्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोक एका रकान्यावर टेकवलं. रकान्याच्या डोक्यावर छापलं होतं, ‘येत असलेल्या टेक्नॉलॉजी’. त्याखाली चौदा चौकोन होते, प्रत्येकासमोर एकेक नाव. “यातलं जे जे येते त्याच्यावर टिक करा.” देवमनने चौदाही नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कोबॉल त्यात नव्हतं. फॉक्सप्रो नव्हतं. ज्या बेसिकच्या ओळी त्याला झोपेतसुद्धा पाठ म्हणता आल्या असत्या, ते बेसिकही नव्हतं. पंधरा वर्षं ज्याने याच गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवला, ज्याला गल्लीतला दूधवालासुद्धा सर म्हणतो, त्याला एका साध्या कागदावर एकही टिक करता येईना. मुलीने मान तिरपी करून पाहिलं. तिला बहुतेक त्याची दया आली. “नसंन काई येत तं कोरंच सोडा काका,” ती म्हणाली, “चालते.” तिला चालत होतं. देवमनला चालेना.

त्या मुलीचं नाव आरती. ते तिच्या गळ्यातल्या पट्टीवर लिहिलेलं होतं, आणि ती वाईट मुलगी नव्हती. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. कोर्स तीन होते. पहिल्यात पीएचपी आणि डेटाबेस, सहा महिने. दुसऱ्यात डॉट नेट, आठ महिने. तिसऱ्यात फ्लॅश, म्हणजे पडद्यावर हलणारी-बोलणारी चित्रं, चार महिने. तिन्हींचे प्रवेश आज संध्याकाळी सहाला बंद व्हायचे होते, आणि एका वेळी एकच घेता येत होता. अगदी तळाशी बारीक अक्षरात चौथीही एक ओळ होती, साधं एचटीएमएल, पंधरा दिवस, इयत्ता सातवी ते नववी. पण ती सुट्टीतल्या पोरांसाठी होती आणि आरतीने ती वाचूनही दाखवली नाही. “कशासाठी शिकायचं आहे तुमाले?” तिने विचारलं. “ई-लर्निंगची साइट काढायची आहे,” देवमन म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून थोडा ताठ बसला.

खरं तर साइट काढायची हे ठरल्याला तीनच आठवडे झाले होते, पण त्या तीन आठवड्यांत देवमनने तिचं नाव ठरवलं होतं, रंग ठरवला होता, पहिल्या पानावर कोणाचा फोटो टाकायचा तेही ठरवलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसली गत. फक्त ती कशात बनवायची तेवढं ठरत नव्हतं. पुण्यात नोकरीला लागलेला जुना विद्यार्थी फोनवर म्हणाला, पीएचपी शिका सर, फुकटात होते सगळं. नागपूरचा साडभाऊ म्हणाला, डॉट नेटच्या खाली उतरूच नका. लग्नाचे अल्बम सजवणारा शेजारचा पोरगा म्हणाला, फ्लॅश घ्या काका, वही आपोआप उघडंन, पक्षी उडतीन. आपला तो बाब्या. प्रत्येकाला जे येत होतं तेच जगात सर्वांत चांगलं होतं. देवमनने प्रत्येकाचं ऐकून एकेक जाडजूड पुस्तक आणलं, प्रत्येकाची पहिली चाळीस पानं वाचली, आणि चाळिसाव्या पानावर त्याला दरवेळी असं वाटलं की आपण चुकीच्या बसमध्ये बसलो आहोत. बायको म्हणाली, तुम्ही पूर्वी असे नव्हता. ते खरं होतं. पूर्वी निवडायला काही नसायचं.

आणि हे सगळं सुरू झालं होतं शालूपासून. तीन-चार वर्षं झाली, कपाशीचं एकेक साल हातचं जात होतं, सोयाबीनचंही काही खरं नव्हतं, आणि क्लासच्या हजेरीतून मोर्शीकडची, नांदगाव खंडेश्वरकडची खेड्यातली पोरं एकेक करून गळत होती. कोणी सांगून जात नसे. सोमवारी एक खुर्ची रिकामी दिसायची, पुढच्या सोमवारीही तीच, मग देवमन त्या नावापुढे रेघ ओढायचा. शालू मात्र सांगून गेली. नांदगावच्या वाटेवर फाट्यापासून दोन किलोमीटर आत तिचं गाव. रोज एस.टी.ने येणारी, पहिल्या रांगेत बसणारी, आणि पडद्यावर काही उमटण्याआधीच काय उमटणार ते सांगणारी पोरगी. पासचं जमत नव्हतं, आणि घरी आईच्या जोडीला दुसऱ्या बाईचे हात लागत होते. “सर, मी कागदावर करून पाठवीन,” ती म्हणाली होती. “तुमी तपासून देसान?” आणि खरोखरच दर मंगळवारी सकाळी नांदगावच्या बसचा कंडक्टर नत्थुजी क्लासच्या दारात उभा राहायचा, खाकी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. एका बाजूला प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला तो ओळीओळीने चालवून पाहिलेला. संध्याकाळी सव्वापाचच्या फेरीला देवमन तोच कागद लाल शाईने तपासून परत द्यायचा. सात महिने हे चाललं. मग एका मंगळवारी लाल पेन हातात धरून त्याच्या मनात आलं, ही अशी किती दिवस चिठ्ठ्याचपाट्या पाठवणार? अशा किती शालू खेड्यापाड्यात असतील. त्यांच्यासाठी साइटच काढली पाहिजे. विचार मोठा होता आणि खराही होता. त्या विचाराच्या भरात त्याने तो कागद पिशवीत ठेवला, आणि तो अजून पिशवीतच होता. त्याच्यावर आणखी दोन येऊन पडले होते.

“मी सहाच्या आत येतो,” असं आरतीला सांगून तो बाहेर पडला. बाहेरच्या उन्हात त्याला घराकडे वळायचं होतं, पण पाय बडनेऱ्याच्या ऑटोकडे वळले. अकोल्याचं तिकीट काढेपर्यंत त्याने स्वतःला काही विचारलं नाही. गाडीत खिडकीशी बसल्यावर मात्र कबूल करावं लागलं. ज्यांनी त्याला पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकवला त्या कुर्बान सरांकडे जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि पंधरा वर्षं न जाण्याचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं.

काळी, उघडी शेतं मागे जात होती. कुठे हरभऱ्याचे ढीग, कुठे उपटून बांधावर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. एकोणनव्वद सालचं अकोला देवमनच्या नाकात आधी येतं आणि डोळ्यांपुढे नंतर. सरकीचा वास. ताजनापेठेत एका जिनिंगवाल्याच्या ऑफिसवरच्या माडीत कुर्बान सरांचा क्लास होता, आणि खिडकीतून उडत येणारे कापसाचे तंतू पोरांच्या केसांत अडकायचे. कॉम्प्युटर एकच, आणि पोरं एकवीस. तो आतल्या खोलीत हिरव्या मखमली कापडाखाली झाकून ठेवलेला असे. चपला बाहेर, हात धुतलेले, आणि आत गेल्यावर खोकायचंसुद्धा नाही. देवमन मामाकडे राहत होता आणि मामीला रोज संध्याकाळी वाटायचं, हे पोरगं देवळात जाऊन आलं. आत जायची पाळी आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. बाकीचे सहा दिवस बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, आणि सतरंजीवर काड्यापेटीची रिकामी खोकी. खोक्यांवर ए, बी, सी असं लिहिलेलं, आणि मध्ये चिंचोक्यांचा ढीग. ए म्हणजे पाच, की ए खोक्यात पाच चिंचोके. बी बरोबर ए अधिक दोन, की बी खोक्यात मोजून सात. प्रोग्रॅम हाताने चालवायचा, ओळीमागून ओळ, चिंचोके उचलत, टाकत. बोट चुकलं की सर वरून डोक्यात टपली मारायचे. “मशीनजोळ जायच्या आंधी कागदाजोळ जाय,” हे त्यांचं रोजचं वाक्य. एकदा देवमनने भाजलेला चिंचोका चुकून तोंडात टाकला आणि कुडुमकन चावला, तेव्हा सगळा क्लास ओरडला होता, “सर, यानं मेमरी खाल्ली!” मूर्तिजापूरच्या फलाटावर गाडी थांबली आणि देवमन एकटाच हसत होता. समोरच्या बाईने मुलाला जवळ ओढलं.

किती सुखाचे दिवस होते ते, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की नव्हते. मामी जेवताना पोळ्या मोजायची. पावसाळ्यात मोर्णेला पूर आला की पलीकडची पोरं येत नसत आणि त्यांच्या वाटणीची वीस मिनिटं मिळावीत म्हणून आपण मनोमन पुराची वाट पाहायचो. तरीही सुख होतं, कारण त्या सतरंजीवर आपल्याला काही येत नाही याची लाज नव्हती. कोणालाच काही येत नव्हतं. आज सकाळी त्या थंडगार खोलीत जी लाज वाटली, ती लाज आपण स्वतःच तयार केली आहे, हे देवमनला ठाऊक होतं. त्र्याण्णव साली त्याने अमरावतीत आपला क्लास काढला. चार कॉम्प्युटर, रंगीत पडदे, फीत कापायला कॉलेजचे प्राचार्य. कुर्बान सर अकोल्याहून आले, शेरवानी घालून, आणि त्यांनी खिशातून कापडाची छोटी थैली काढून देवमनच्या हातात ठेवली. सरांच्या बायकोने, अकीला चाचींनी शिवलेली, तोंडाला लाल नाडी. आत चिंचोके. प्राचार्य पाहत होते, पत्रकार पाहत होता, आणि देवमन मोठ्याने हसून म्हणाला होता, “सर, आता याची गरज नाही पडत. आता मशीनच सगळं सांगते.” सगळे हसले. सरही हसले. त्यांनी थैली परत खिशात घातली, पेढा खाल्ला, पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुपारच्या गाडीने निघून गेले. कोणी कोणाला बोल लावला नव्हता. पण त्या हसण्यानंतर सरांच्या दारात जायचं तोंड देवमनला राहिलं नाही, हेही खरं.

दार अकीला चाचींनी उघडलं. क्षणभर त्यांनी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. “या अल्ला, देवमन! किती रे जाडा झाला तू!” देवमनने चपला काढल्या. इथे कोणी हसलं नाही. कुर्बान सर पलंगावर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. “कोन?” त्यांनी विचारलं, आणि नाव ऐकल्यावर म्हणाले, “असं. बस मंग. चाय ठेव वं.” पंधरा वर्षांचा हिशोब त्या एका ‘असं’मध्ये संपला. माणसाने रागवावं तरी. त्याने बोलण्यासारखं दुसरं काही न सुचून पिशवीतून फॉर्म काढला आणि आपण कशासाठी आलो ते सांगितलं.

“वाच,” सर म्हणाले. “मले दिसत नाई.”

देवमनने तिन्ही कोर्स वाचून दाखवले. पीएचपी म्हणजे काय, डॉट नेट म्हणजे काय, फ्लॅशमध्ये काय काय उडतं, हे तो सांगत गेला आणि सर मान हलवत ऐकत राहिले. त्यांनी यातलं एकही नाव आधी ऐकलेलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

“हे कोनासाठी?” त्यांनी विचारलं.

“खेड्यातल्या पोट्ट्यायसाठी सर. जे येऊ शकत नाईत.”

“पोट्टे म्हंजे कोन? नाव सांग. बिनानावाच्या डब्यात काय टाकतो तू?”

“शालू,” देवमन म्हणाला.

“हां. आता चालवून पाहू. चालवलं का आंधी कागदावर?”

देवमनने फॉर्मची घडी घातली. सरांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अवं, ते थैली आन. अन् सात-आठ वाट्या.” वाट्या का, म्हणून चाची कुरकुरल्या, डाळ काय तळहातावर वाढू का, म्हणाल्या, पण घेऊन आल्या. आणि थैली आणली. तोंडाला लाल नाडी होती, रंग उडून फिकी झालेली. देवमनने ती पाहिली आणि मान खाली घातली. “तुहीच हाय ते,” चाची म्हणाल्या. “कोनाले हात लावू देल्ला नाई यायनं. मी म्हनलं, फेकून द्या, घुशी येतीन. तं म्हने, ते देवमनचे हायेत, तो आला का देईन.” सर म्हणाले, “चाय उतू जाऊन राहिली तुही,” आणि चाची आत गेल्या. देवमनला तिथल्या तिथे रडावंसं वाटलं. अडतिसाव्या वर्षी सरांसमोर रडलो तर टपली बसेल, या भीतीने तो रडला नाही.

सर पलंगावरून खाली सतरंजीवर उतरले आणि त्यांनी हाताने चाचपत वाट्या ओळीने मांडायला लावल्या. पहिली वाटी घर. दुसरी फाटा. तिसरी एस.टी. चौथी नांदगावचं सायबर कॅफे. पाचवी लाइन, म्हणजे वीज. सहावी पडदा. एक चिंचोका घराच्या वाटीत. “हे शालू,” सर म्हणाले. “आता चालव. सकायी काय करते?”

“वावरात हरभरा सोंगाले जाते, आईसंगं.”

“मोकयी कदी होते?”

“चारले.”

“मंग उचल.”

देवमनने चिंचोका उचलून फाट्याच्या वाटीत टाकला. टणकन आवाज झाला. “पाचची बस भेटंन,” तो म्हणाला, आणि चिंचोका पुढे नेऊ लागला, पण सरांनी हात आडवा धरला. त्यांना दिसत नव्हतं, तरी हात नेमका तिथेच आला. “परत कोनत्या बसनं येते?” देवमनने आठवून पाहिलं. सव्वापाचला अमरावतीहून निघणारी शेवटची फेरी नांदगावातच मुक्कामाला थांबायची. त्यानंतर तिकडून परत यायला बस नव्हती. कधी कधी एखादी जीप असे, कधी तीही नसे. “मंग एवढ्या मोठ्या पोट्टीले तिची माय पाठवंन का?” सरांनी विचारलं. चिंचोका फाट्याच्या वाटीत पडून राहिला. “समज पाठवली,” सर म्हणाले, “पुढं चालव. सांजच्याले लाइन असते का नांदगावात?” देवमनला माहीत नव्हतं. भारनियमन सगळीकडेच होतं, पण कुठे किती वाजता, याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. “म्हंजे प्रोग्रॅम लिवून राहिला तू, अन् लाइन कदी असते हे माईत नाई तुले,” सर म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना नवल वाटलं होतं. मग फ्लॅशने चालवून पाहिलं. पक्षी उडण्याआधी पडद्यावर पट्टी भरत बसली आणि भरता भरता लाइन गेली. पीएचपीने चालवलं, डॉट नेटने चालवलं. तिन्ही वेळा ‘समज’ म्हटल्याशिवाय चिंचोका दुसऱ्या वाटीच्या पुढे जाईना. “भाषा तीन आनल्या तू,” सर म्हणाले, “अन् तिन्हीत एकाच ओयीवर बंद पडून राहिला.”

देवमनने चिंचोका उचलून परत घराच्या वाटीत ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आपण करत होतो, आणि उंट कोणत्या जातीचा घ्यावा याची तीन आठवडे चिंता वाहत होतो. मग त्याचं त्यालाच फॉर्मवरची तळाची ओळ आठवली. तो हळूहळू बोलू लागला. साधी पानं असतात सर, नुसत्या अक्षरांची, हलकी. ती सीडीवर घालून देता येतात. तिच्या गावच्या शाळेत एक कॉम्प्युटर आहे, लाइन नसली तर असेल तेव्हा उघडता येतात, मधे कुठे तुटत नाहीत. सर म्हणाले, “हां. आता सीडी कोन नेऊन देईन?” “नत्थुजी देईन,” देवमन बोलून गेला, “कंडक्टर आहे. तो कागद नेतोच की.” “कोनते कागद?” मग ते सगळं सांगावं लागलं, मंगळवार, लाल शाई, सात महिने. ऐकता ऐकता सरांचा चेहरा उजळला. “अबे, मंग शिकवनं तं चालूच हाय तुह्यं!”

“होतं,” देवमन म्हणाला. आणि पिशवीतून तीन घडीचे कागद काढून त्याने सतरंजीवर ठेवले. सरांना ते दिसले नाहीत. ते किती दिवसांचे आहेत हेही त्यालाच सांगावं लागलं.

सरांनी थैलीत बोटं घातली, एक चिंचोका काढला, चाचपून देवमनचा हात धरला आणि तळव्यावर ठेवला. “हे तू,” ते म्हणाले. “आता सांग, हा कोनत्या वाटीत हाय?”

देवमनने सहाही वाट्यांकडे पाहिलं. एकाही वाटीत तो नव्हता. त्याने चिंचोका खिशात टाकला.

परतीच्या गाडीत त्याने कागद उघडले. पहिला प्रोग्रॅम दहा संख्यांतली सर्वांत मोठी शोधण्याचा, आणि तो बरोबर होता. दुसरा तीच ओळ उलटी लावण्याचा, तोही बरोबर, एक जागा तर तिने त्याच्यापेक्षा सोपी केली होती. लाल पेन गाडीच्या हिंदकळ्यांनी वेडंवाकडं चालत होतं. तिसराही बरोबर निघाला, आणि त्याने त्या कागदाची पाठ उलटली. प्रोग्रॅम चालवून दाखवलेल्या रकान्यांखाली, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. ‘सर, मागचे दोन चुकले आहेत का? खूप चुकले असतील तरी पाठवा. मी पुन्हा करीन.’ देवमनने ते दोनदा वाचलं. कागद तपासून आले नाहीत म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं ती पोरगी धरून चालली होती. सर चुकले असतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तेव्हा मात्र तो रडला. सरकीचा वास आता कुठेच नव्हता.

अमरावतीच्या स्टँडवर तो पाचला पोचला. नांदगावची बस लागलेली होती आणि नत्थुजी दाराशी उभा राहून तंबाखू मळत होता. “नत्थुजी, कागद द्यायचे आहेत,” देवमन धापा टाकत म्हणाला. नत्थुजीने तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, आणि कागदांना हात लावला नाही. “सर, आज मंगयवार असून ते पोट्टी फाट्यावर आलीच नाई,” तो म्हणाला. “मागच्या मंगयवारी सांजच्याले उभी होती. इचारत होती, सरायनं काई देल्लं का. मी म्हनलं, सर मोठ्ठं काईतरी शिकून राहिले, त्याइले टाइम नाई. तं म्हने, मंग राहू द्या.” त्याने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. “सकायी तिचा लहाना भाऊ भेटला. वही त्याले देऊन टाकली म्हने तिनं. मांगचे पानं कोरे आहेत तं शाळेत कामी येतीन.”

मोठ्ठं काहीतरी. देवमन कागद धरून तसाच उभा राहिला. स्टँडवर घोषणा होत होती, कोणी कोणाला हाका मारत होतं, उसाच्या गुऱ्हाळाच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि त्याला आठवत होती पहिल्या रांगेतली ती खुर्ची, जिच्यावर त्याने अजून कोणाला बसवलं नव्हतं. त्याने फोन काढला आणि फॉर्मवरचा नंबर पाहून आरतीला लावला. “मी सकाळी आलो होतो. फॉर्म राहिला होता माझा. ती शेवटची बॅच आहे ना, पंधरा दिवसांची, तिच्यात नाव घाला.” “काका, ते सातवी-आठवीच्या पोरांची हाय,” आरती म्हणाली. “कोनासाठी पायजे? मुलगा का मुलगी?” “माझ्यासाठीच,” देवमन म्हणाला. “टिक कशावरच करू नका. कोरं राहू द्या. चालते.” या वेळी ते खरंच चाललं.

मग तो बसमध्ये चढला. नत्थुजी त्याच्याकडे पाहत राहिला.

“फाट्याचं एक द्या.”

“सर, तिकडून परतीची बस नाई आता,” नत्थुजी म्हणाला.

“माईत हाय.”

“अन् फाट्यापासून दोन किलोमीटर पायी.”

“तेही माईत हाय. सकाळच्या बसनं येतो तुमच्याच संगं.”

नत्थुजीने तिकीट फाडलं, चिमट्याने भोक पाडलं आणि दोन बोटांत धरून त्याच्या हातात दिलं. बस हलली. देवमनने खिशातला चिंचोका चाचपून पाहिला, तो होता. मग त्याने तिसरा कागद मांडीवर घेतला आणि शिसपेन्सिलीच्या त्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं, ‘तिन्ही बरोबर आहेत. चूक माझी झाली. वही परत घे.’ तास-दीड तासात ती समोरच दिसणार होती, तोंडी सांगता आलं असतं. पण तिच्यासमोर उभं राहून हे आपल्याला बोलता येईल याची त्याला खात्री वाटत नव्हती, म्हणून त्याने आधी कागदावर लिहून घेतलं.